टेम्पोची डावी सीट

प्लेट आली, शैला.

पुठ्ठ्याच्या पातळ पाकिटातून आली. मी तुझ्या घरी आमटीभात घेऊन गेले होते, तेव्हा भाऊजी टपाल उघडत होते. त्यांनी पाकीट फोडलं, आत डोकावलं आणि पिझ्झ्याच्या कुपनांवर ठेवून दिलं. मी विचारलं काय आहे, तर म्हणाले, "काही नाही वहिनी, त्या गाडीचं." त्या गाडीचं. मी जाऊन बघितलं. पांढऱ्या पत्र्यावर निळे आकडे, वर राज्याचं नाव, स्क्रूसाठी भोकं. एवढ्याशा पत्र्यासाठी तू किती ऑफिसांचे उंबरे झिजवलेस, आणि तो आला कधी, तर तुझ्या अस्थी नदीत सोडून आम्ही परत आल्यावर. मला रडू आलं नाही. मला एवढा राग आला की ती प्लेट हातात धरून मी तुझ्या सिंकपाशी नुसती उभी राहिले.

तुझ्यावरही आला. आधीच सांगून टाकते. मी थोरली जाऊ, तू धाकटी. घरात तू माझ्यामागून आलीस, या देशातही माझ्यामागून आलीस, आणि आल्या दिवसापासून माझं एक ऐकलं नाहीस. तरी लोक मला विचारतात, "तुमचं किती छान जमायचं ना?" छान कसलं जमायचं. आपण एका टेम्पोवरून एवढं भांडलो की शेवटी भांडण्यासाठीच भेटायला लागलो होतो.

आणि ते लोक. फ्युनरल होममध्ये, तू समोर निजलेली असताना, मंडळाच्या एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "त्या डबड्यात म्हणे एअरबॅगसुद्धा नव्हती." मी म्हटलं, अहो, ती घरात गेली. सोफ्यावर. हातात चहाचा कप होता आणि मेंदूत रक्तस्राव झाला. सोफ्याला एअरबॅग नसते. त्या बाई जरा मागे सरकल्या, पण पटलं नाही त्यांना. गावभर हेच चाललंय. शैला गेली म्हटलं की पहिला प्रश्न, त्या छोट्या ट्रकमध्ये का? जणू तू त्यात बसून मरायला हवी होतीस, म्हणजे सगळ्यांचं बरोबर ठरलं असतं.

ते त्याला छोटा ट्रक म्हणतात. तू पहिल्या दिवसापासून टेम्पोच म्हणायचीस. इचलकरंजीत तुझ्या वडिलांचा टेम्पो होता, यंत्रमागाच्या कापडाच्या गाठी पोचवायचा, आणि तू शाळेत असताना त्यांच्या शेजारी उभं राहून गिअर टाकायला शिकलीस. हे मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत तू सांगितलंस, सासूबाईंच्या समोर, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली ती कायमची. पुढे तू इंजिनियर झालीस, इथे येऊन कंपनीत सॉफ्टवेअर तपासत बसलीस. कंपनीने माणसं कमी केली त्यात तुझी खुर्ची गेली. दुसरी कुणी असती तर रेझ्युमे घेऊन बसली असती. तू गावाबाहेर जमिनीचा तुकडा भाड्याने घेतलास आणि मेथी, अंबाडी, गवार लावलीस. डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून चार तास प्रवास करून येणारी मलूल मेथी निवडणाऱ्या बायकांना तू दारात ताजी जुडी द्यायला लागलीस, आणि मग तुला टेम्पो हवा झाला.

आपलं पहिलं भांडण तिथलं. मी म्हटलं, मिनीव्हॅन आहे ना दारात, मागच्या सीटा पाड. तू म्हणालीस, "ताई, मिनीव्हॅनला अंबाडीचा वास लागला की आमचा निखिल नाक धरून बसतो. आणि चिखलाचे बूट कुठं टाकू?" मग इथला पिकअप घे. "तो पिकअप आहे का बंगला? चढायला शिडी, पेट्रोल पिणार ते वेगळंच. मागचा हौदा केवढा ते मी मापून आले. मला हव्या त्या टेम्पोच्या हौद्याएवढाच. बाकी सगळं नुसतं नाक." हे तुला कुणी विचारलं नव्हतं, पण तू शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेमध्ये टेप घेऊन खरंच मापून आली होतीस, आणि त्याच्या बायकोने मला फोन केला होता.

जपानमधल्या जुन्या छोट्या ट्रकांच्या लिलावाचे फोटो तू मला फोनवर दाखवायचीस, जसे स्थळांचे दाखवतात. हा गंजलाय, हा बरा आहे, याची ताडपत्री नवी दिसते. पंचवीस वर्षं जुना झाल्याशिवाय या देशात आणता येत नाही, हे कळल्यावर तू हसत सुटलीस. "बघा ताई, माणसाला व्हिसा तरुणपणी, गाडीला म्हातारपणी." बोटीतून, बंदरातून, ट्रेलरवर चढून तो शेवटी तुझ्या दारात उतरला, पांढरा, चौकोनी, चाकं एवढीएवढीशी. दारावर जपानी अक्षरं रंगवलेली, कुठल्याशा भाजीवाल्याचं नाव. मी म्हटलं पुसून टाक. तू म्हणालीस, "असू दे की. कष्टाची गाडी आहे, आधीच्या धन्याचं नाव राहू दे." निखिलने "ओ माय गॉड, मॉम" म्हटलं आणि फोटो काढले. भाऊजी आतून आले, बघितलं, आणि "मी यात बसणार नाही, सांगून ठेवतो" म्हणून परत आत गेले. माणूस शब्दाला पक्का निघाला.

त्यानंतर तू त्याला रस्त्यावर चालण्यालायक करायला घेतलंस. लोकांना वाटतं गाडी आली म्हणजे झालं. तिकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून तिकडच्या हेडलाइटचा झोत डावीकडे कलता. इथे तो समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. ते दिवे बदलले. आरसे बदलले, टायर बदलले, बाजूला रिफ्लेक्टर लावले, स्पीडोमीटरवर मैलांचे आकडे चिकटवले. मग इन्शुरन्स. इथल्या गाड्यांचा चॅसी नंबर सतरा अक्षरांचा, जपानी गाडीचा आखूड, आणि एजंटचा कंप्युटर आखूड नंबर घेईना. तो पोरगा फोनवर म्हणाला, "मॅम, उरलेले नंबर कुठे आहेत?" तू म्हणालीस, "गाडीच एवढी आहे बाबा, नंबर कुठून वाढवू?" मी शेजारी चहा पीत होते, माझ्या नाकातून चहा आला. सगळं झालं, प्लेट मिळाली, पहिली प्लेट, आणि एक उन्हाळा टेम्पो चालला.

तो उन्हाळा. बोलू का त्याबद्दल, की त्यावरही रागवू?

पहिल्या दिवशी आपण दोघी तुझ्या भाजीच्या प्लॉटवर निघालो. स्टिअरिंग उजवीकडे. तू बसलीस आणि डावा हात गिअरवर ठेवलास. दुतर्फा मका, रस्ता रिकामा. कच्च्या वाटेवरून डांबरी रस्त्याला लागलो आणि तू टेम्पो घातलास तो थेट डाव्या बाजूला. आणि मलासुद्धा काही चुकलंय असं वाटलं नाही. ड्रायव्हर उजवीकडे, मी डावीकडे, रस्त्याची कड माझ्या बाजूला. जन्मभर पाहिलेलं तेच होतं. समोरून एक भला थोरला पिकअप आला, दिवे मारतोय, हॉर्न वाजवतोय. तू करकचून थांबलीस, काच खाली केलीस आणि त्या दाढीवाल्याला इचलकरंजीच्या मराठीत विचारलंस, "डोळे फुटले काय रे? तुझ्या साईडनं जा की." मग त्याने हळूच बोटाने रस्त्यावरची पिवळी रेघ दाखवली. मी म्हटलं, "शैला, आपणच." त्यानंतर आपण मक्याच्या कडेला टेम्पो लावून जे हसलो, तसं मी अमेरिकेत आल्यापासून कधी हसले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली होती, जाड मार्करने: "बाई, उजवीकडून."

डावी सीट माझी झाली. इथल्या लोकांच्या लेखी तिथे ड्रायव्हर बसतो, त्यामुळे सिग्नलला शेजारची पोरं माझ्याकडे बघायची आणि त्यांना दिसायची एक साडीतली बाई, दोन्ही हातांनी मेथी निवडत गाडी चालवणारी. ड्राइव्ह-थ्रूला कॉफीसाठी मी वाकायचं. पोलिसाने थांबवलं की तो माझ्या खिडकीशी यायचा आणि लायसन्स मागून झाल्यावर स्टिअरिंग शोधायचा. पण खरं काम ओव्हरटेकचं. पुढे ट्रॅक्टर आला की उजवीकडे बसून तुला समोरचं काही दिसायचं नाही. दिसायचं मला. "जाऊ का ताई?" थांब. "आता जाऊ?" थांब म्हणते ना. आणि मग मी मान बाहेर काढून रस्ता नीट बघायचे आणि म्हणायचे, "चल." तशी तू पाय दाबायचीस. मी कुरकुरायचे, मी काय तुझी क्लीनर आहे? "मग? क्लीनरशिवाय टेम्पो हलतो का कुठं?" एकदा मी विचारलं, मी नसते तेव्हा काय करतेस गं? तू म्हणालीस, "एकटी असले की कुणाच्या पुढं जातच नाही. ट्रॅक्टरच्या मागं मागं जाते, होईल उशीर तेवढा होईल. तुम्ही चल म्हटल्याशिवाय माझा पायच जात नाही बघा."

मला ती सीट आवडायची, शैला. हे मी तुला सांगितलं नाही, आणि तू विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं. बोनेट नाही, समोर थेट काच, पायांखाली रस्ता धावतोय आणि मागे ओल्या अंबाडीचा वास. घरी येऊन मी ह्यांच्याजवळ तक्रार करायचे, कंबर मोडली त्या डबड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून तयार.

आणि मग प्लेट देणाऱ्या ऑफिसने लिहिलं की तुमच्या गाडीला प्लेट चुकून दिली, परत करा. चुकून. गाडी असुरक्षित आहे म्हणे. तू स्क्रू काढलेस, प्लेट पुसून पाकिटात घातलीस, आणि मला वाटलं संपलं. मी म्हटलं, सोड आता, विकून टाक. त्यावर तू माझ्याशी पंधरवडाभर बोलली नाहीस. टेम्पो गॅरेजमध्ये, मेथी मिनीव्हॅनमध्ये, निखिल नाक धरून, आणि तू फोनवर. ज्यांच्या ज्यांच्या प्लेटा गेल्या ती सगळी माणसं शोधलीस, एक मधमाश्यावाला, एक सुतार, एक आजीबाई. कायदाच बदलायचा म्हणालीस. मी म्हटलं, तुझ्या बापाचं राज्य आहे का. तू म्हणालीस, "टॅक्स भरते. थोडं आहेच."

विधानसभेत सुनावणी झाली त्या खोलीत मी तुझ्या मागे बसले होते. भाऊजींना मीटिंग होती. कायम असते. तू म्हणालीस, सर, मोटरसायकलला दार नाही, छप्पर नाही, पट्टा नाही, ती चालते. माझ्या गाडीला दोन दारं आहेत, ती का नाही? एक सुटातला माणूस म्हणाला, पण मॅडम, हायवेवर ही गाडी काय करेल? "हायवेवर जाणारच नाही, सर. मला मेथी द्यायची आहे." त्याला मेथी कळली नाही, पण माणसं हसली, आणि मला कळलं की तू जिंकणार.

जिंकलीस. लहान रस्त्यांवर चालवायला परवानगी मिळाली. नवा अर्ज केलास, तपासणीला टेम्पो नेलास. आता माझा राग ऐक. त्या टेम्पोचे ब्रेक तू तपासून घेतलेस, तळाचा गंज खरवडून घेतलास, ब्रेकची रबरी नळी बदललीस, दिवे पुन्हा पुन्हा बघितलेस. आणि स्वतःचं ब्लड प्रेशर? डोकं ठणकतंय म्हणून मे महिन्यापासून बाम चोळत होतीस. मी दहादा म्हटलं डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर. "आधी प्लेट येऊ द्या ताई, मग बघू." हे तुझे शब्द. आली प्लेट. बघ आता.

भांडायचं होतं मला यावर. नीट, वेळ काढून, तुझ्या ओट्यापाशी उभं राहून. तू मध्येच फोन घ्यायला उठावं तशी उठून गेलीस आणि ते राहिलं.

निखिल कामावर परत जायच्या आधी गिऱ्हाईक ठरवून गेला. दुसऱ्या राज्यातला कुणी, शनिवारी ट्रेलर घेऊन येणार. मी फोनवर विचारलं, का रे? "काकू, इट्स जस्ट सिटिंग देअर. बाबा कान्ट इव्हन लुक ॲट इट." मी म्हटलं, तुझ्या बाबांनी आधी तरी कुठे बघितलं होतं. मग मीच फोन ठेवला. पोराला काय बोलणार, त्याची आई गेली आहे.

शनिवारी मी सकाळी आले ती स्क्रूड्रायव्हर घेऊनच. प्लेट कुपनांच्या ढिगातून काढली, गॅरेज उघडलं आणि मागे बसवली. किल्ली तू ठेवायचीस तिथेच, हळदीच्या जुन्या डब्यात. गिअर मला तू देवळाच्या पार्किंगमध्ये शिकवला होतास, माझ्यावर ओरडून ओरडून. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. आवाज ऐकून भाऊजी बाहेर आले, पायात सपाता.

"वहिनी, काय करताय? तो माणूस येईल आता."

"प्लॉटवर जातेय. मेथी फुलावर आली असेल. बसा."

"मी... यात?"

"बसा म्हणते ना."

बहुतेक मी ओरडले असेन. समोरच्या घरातली बाई कुत्र्यासकट थांबून बघायला लागली. भाऊजी बसले. डाव्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन. पट्टा कुठला ते त्यांना सापडेना. इतके दिवस घरी असलेल्या गाडीचा पट्टा. मी लावून दिला. त्यांनी डॅशबोर्डवरची चिठ्ठी वाचली, परत वाचली, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी गिअर टाकला, कारण मी तोंड उघडलं असतं तर चांगलं काही निघालं नसतं.

मक्याच्या रस्त्याला लागलो आणि त्यांचा फोन वाजला. ट्रेलरवाला. त्यांनी फोनकडे पाहिलं, घेतला आणि म्हणाले, "सॉरी. नो, आय नो. इट्स नॉट फॉर सेल." मग फोन खिशात घालून मला म्हणाले, "वहिनी, ती काय बोलायची हो इथे बसून?" मी म्हटलं, "इथे ती नाही बसायची. इथे मी बसायचे." हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

पुढे ट्रॅक्टर लागला. मागे गवताचे भारे, सावकाश चाललेला, आणि मला उजवीकडून भाऱ्यांशिवाय काही दिसेना. आमच्या मागे गाड्या तुंबल्या. भाऊजींनी मान बाहेर काढली. कुणी शिकवलं नव्हतं, तरी काढली. "मोकळं आहे वहिनी," ते म्हणाले, "चला." मी गेले नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. भाऊजी पुन्हा म्हणाले, "चला ना, कोणी नाही समोर." मी तशीच त्या गवताच्या मागे टेम्पो चालवत राहिले, प्लॉटपर्यंत, तू एकटी असताना जायचीस तशी.

तू म्हणाली होतीस ना, कुणाच्या पुढे जातच नाही म्हणून? मी थोरली. जायच्या रांगेत मी पुढे होते. तुझ्या डावीकडे बसले होते, रस्ता बघत होते, थांब म्हणत होते. मे महिन्यापासून थांब, थांबच म्हणत होते.

मी चल म्हटलं नव्हतं, शैला.